काळ्या रेघेच्या वर

१

शनिवारी सकाळी दहाला टॅमसिन घराखाली उतरायची आणि पंपाची पिन काढायची. लग्नाला तीन महिने झाले होते आणि तेवढ्यात तिच्या संसाराला पडलेली एकुलती एक रीत ही. इतर बायका शनिवारी बाजारात जातात, माझी पूर येतो का ते बघते, असं फर्गस चारचौघांत सांगायचा.

काचेची मोठी टाकी वर, बैठकीच्या खोलीत होती. सहा फूट लांब, आत फर्गसनं समुद्रातून स्वतः काढून आणलेली प्रवाळं आणि चार मासे. बघण्यासारखं सगळं वर असलं तरी राबायचं काम खाली. वरचं खारं पाणी काठाशी सांडून नळानं फळ्यांच्या जमिनीतून खाली यायचं, घर ज्या खांबांवर उभं होतं त्यांच्या मधल्या जागेत, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत गाळून निघायचं, आणि पंप ते परत वर ढकलायचा. ही खालची टाकी टॅमसिननं आखली होती. ती एका कचेरीत इमारतींच्या नळांचे नकाशे काढायची. फर्गसनं लग्नाआधीच हात जोडून सांगितलं होतं, "वरचं मी बघतो. खालचं तू बघ. मला फक्त पाण्यात उडी मारता येते."

तिनं आठवडाभर बसून तीन कप्पे आखले. पहिल्यात कापडी गाळणी आणि फेस काढणारं नळकांडं. तिसऱ्यात पंप. मधला कप्पा अंधारा, वर काळी पाटी, आत दगडांचे तुकडे, कारण उजेडाला भिणारे बारीक जीव अशा ठिकाणी राहतात आणि पाण्यातली घाण खातात. शिवाय वर वीतभर मोकळी जागा. वीज गेली की पंप थांबतो आणि नळांतलं, वरच्या टाकीच्या काठचं पाणी खाली उतरतं. खाली जागा नसली तर ते घरभर होतं.

"वीतभर कशाला?" फर्गसनं विचारलं होतं. "चार बोटं पुरतील की."

"पाण्यावर माझा विश्वास नाही."

"आणि माझ्यावर?"

"तुला पलंगावर वीतभर दिली आहे ना?"

दगड फर्गसनं आणले, मे महिन्यातल्या पहिल्या फेरीत, रीफच्या, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळांच्या बांधाच्या, बाहेरच्या अंगाला एका कपारीतून. गिऱ्हाइकांना दगड विकताना तो बजावून सांगायचा, हे सहा आठवडे वेगळ्या टबात ठेवा, आत काय दडून आलंय ते बाहेर पडू द्या, मगच टाकीत घाला. स्वतःच्या घरी असली पथ्यं कोण पाळतो? सकाळी समुद्रात असलेला दगड संध्याकाळी टॅमसिनच्या मधल्या कप्प्यात होता. "गंमत बघ," तो हातातला तुकडा खालीवर करत म्हणाला, "केवढा दिसतो, आणि वजनच नाही."

दगड आत गेल्यावर तिनं काचेवर दोन रेघा मारल्या. पंप चालू असताना पाणी जिथं राहतं तिथं निळी. पंप बंद केल्यावर येऊन थांबतं तिथं काळी. दगडांनी किती जागा अडवली ते वेगळं मोजायचं कारणच नव्हतं. ती रेघेतच धरली गेली.

त्यानंतर दर शनिवारी पिन काढली की वर नळ घशात गुळणी धरल्यासारखा वाजायचा, पाणी उतरायचं आणि काळ्या रेघेला टेकून थांबायचं.

फळ्यांच्या फटीतून वरून आवाज यायचा, "पास की नापास?"

"पास."

२

जूनच्या दुसऱ्या शनिवारी पाणी काळ्या रेघेच्या वर गेलं.

फार नाही, अर्धा सेंटिमीटर. टॅमसिननं आधी चष्मा पुसला. मग पट्टी आणली. टाकीची लांबीरुंदी तिला पाठ होती. एक सेंटिमीटर म्हणजे सहा लिटर, अर्धा म्हणजे तीन. तीन लिटर पाणी कुठून तरी आलं होतं.

"तू पाणी घातलंस का रे?" तिनं वर तोंड करून विचारलं.

"कुठल्या झाडाला?"

"टाकीत."

"टाकीला हात लावला तर मला जेवायला मिळेल का?"

त्यानं घातलं नव्हतं. कोणीच घातलं नव्हतं. शेजारी गोड्या पाण्याचं पिंप होतं. टाकीतलं पाणी रोज उन्हानं आटतं, तेवढं गोडं पाणी पिंपातून आपोआप येऊन पडतं. कोरड्या हवेच्या दिवसांत पिंप आठवड्यात रिकामं होतं. आज ते जवळजवळ निम्मं भरलेलं होतं. म्हणजे बरेच दिवस खालच्या टाकीनं पाणी मागितलंच नव्हतं.

तिनं थेंबभर पाणी घेऊन खारटपणा तपासला. खारटपणा वाढलेला. पाणी रोजच्यासारखं आटत होतं, मीठ मागं राहत होतं, गोडं पाणी येत नव्हतं, आणि तरी पातळी वर चढत होती.

पाणी वाढलेलं नव्हतं. पाण्यात काहीतरी जागा अडवून बसलं होतं. टॅमसिननं मनाशी म्हटलं, गोगलगाई. मग स्वतःलाच हसली. तीन लिटर गोगलगाई!

वर बघत ती म्हणाली, "पास."

नवऱ्याशी बोललेलं तिचं हे पहिलं खोटं. उगाचच बोलली.

३

नोलीन ही फर्गसच्या बोटीची मालकीण. वय साठीचं, तोंड त्याहून जुनं. सोमवारी पहाटे बोट निघायची ती गुरुवारी परतायची. फर्गस हवेची नळी तोंडात धरून तळावर तासन् तास प्रवाळ काढायचा, आणि नळीचं वरचं टोक नोलीनच्या हातात असायचं. त्या नळीवर त्यांची बोली चालायची. एक हिसका म्हणजे सगळं ठीक. चार म्हणजे वर ओढ. फर्गसनं ही बोली टॅमसिनला शिकवली होती आणि लग्नाच्या जेवणात, त्याची मावशी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचं वर्णन करत असताना, टॅमसिननं टेबलाखाली त्याचा हात चार वेळा दाबला होता. पाच मिनिटांत दोघं बाहेर. तेव्हापासून त्यांचं सगळं खासगी बोलणं हातांत होतं. झोपताना तो तिचा अंगठा एकदा दाबायचा. ठीक. त्याची उजवी करंगळी कधीकाळी बोटीच्या चरकात सापडून वाकडी झाली होती, ती तिला अंधारातसुद्धा ओळखू यायची.

त्या गुरुवारी ती धक्क्यावर त्याला घ्यायला गेली. फर्गस डबे उतरवत होता. नोलीन दोरखंडावर बसून सिगारेट वळत होती.

"काय पोरी, काय खायला घालतेस गं त्याला? लोखंड?"

"का?"

"दगडासारखा खाली जातो. आधी अकरा वड्या लागायच्या. या महिन्यात तीन काढल्या."

वड्या म्हणजे शिशाच्या. माणूस पाण्यात तरंगू बघतो म्हणून पाणबुडे कमरेला शिशाच्या वड्यांचा पट्टा बांधतात, एक वडी एक किलोची. तीन वड्या डेकवर पडल्या होत्या. टॅमसिननं त्या पायानं सरळ ओळीत लावल्या. तीन किलो. तीन लिटर.

"जाड झाला असेल," ती म्हणाली.

"अगं, चरबी तरंगते. जाड झाला असता तर वड्या वाढवाव्या लागल्या असत्या." नोलीननं काडी ओढली. "नकाशे काढतेस ना? मग काढ हिशेब."

घरी आल्यावर तिनं त्याला वजनाच्या काट्यावर उभं केलं. एकोणऐंशी. लग्नाच्या आदल्या दिवशीही एकोणऐंशीच होतं. विजारी त्याच, सदरे तेच. वजन तेवढंच, आणि पाण्यात त्यानं अडवलेली जागा मात्र कमी.

पुढच्या शनिवारी पाणी एक सेंटिमीटर वर होतं. सहा लिटर. सोमवारी बोटीवर निघताना तिनं त्याचा पट्टा हातात घेऊन वड्या मोजल्या. पाच उरल्या होत्या.

४

आपण कशाला भितोय, हे तिनं एकदा कागदावर लिहून काढलं. लिहिलं की गोष्टी लहान होतात असा कचेरीतला अनुभव होता. एका रकान्यात लिटर लिहिले, दुसऱ्यात कमी झालेल्या वड्या. दोन्ही रकाने सारखे आले. मग तिनं वर मथळा लिहायचा म्हणून लिहिला, 'फर्गस', आणि कागद दुमडून इस्त्रीच्या टेबलाखाली सारला.

मधल्या कप्प्यात पाटी उचलून तिनं दोनदा बॅटरी मारली. दगड, त्यांच्यावर पांढरे स्पंज, बाकी अंधार. त्या कप्प्यात एखादं मांजरही धड मावलं नसतं. टाकीतलं पाणी गरम करणाऱ्या कांडीचा दिवा मात्र आठवडाभर पेटला नव्हता. जुलैतल्या, म्हणजे तिथल्या ऐन थंडीतल्या, गार सकाळीही पाणी कोमट होतं, कपडे धुऊन बादलीत राहिलेल्या पाण्यासारखं नाही, अंगाला अंग लागल्यासारखं.

आणि फर्गस ठीक होता. छान होता. पूर्वीपेक्षा जास्त हसायचा. फक्त झोपताना अंगठा दाबायचं विसरायला लागला होता. तिनं एकदा स्वतःहून त्याचा हात चार वेळा दाबला. तो अंधारात वळला आणि प्रेमानं म्हणाला, "काय गं, काही हवंय?"

ती म्हणाली, "नाही."

रविवारी पट्ट्यावर एकही वडी उरली नव्हती. आता यापुढं प्रत्येक लिटर त्याला तळाकडे ओढणार. हे कळायला नकाशे काढता यायची गरज नव्हती.

"उद्या जाऊ नकोस," ती म्हणाली.

"का?"

"टाकी बघायची आहे. मधला कप्पा रिकामा करू. दगड परत समुद्रात टाक."

फर्गस ब्रेडला लोणी लावत होता. सुरी क्षणभर थांबली. "दगड राहू दे," तो म्हणाला. मग नेहमीसारखा हसला. "आणि उद्या गेलो नाही तर नोलीन मला बारीक चिरून माशांना घालेल. घाबरतेस कसली? मला पाणी नवीन आहे का?"

पहाटे तो गेला. ती खिडकीतून बघत राहिली. दवानं भिजलेल्या गवतावरून तो गेला त्या वाटेवर गवत वाकलं होतं की नाही, हे तिनं मुद्दाम बघितलं नाही.

५

गुरुवारी धक्क्यावर नोलीननं तिला बाजूला घेतलं. हातात सिगारेट होती, पेटवलेली नव्हती.

"पोरी, मी तीस वर्षं बोट चालवते. तुला एक सांगते, मग तू मला म्हातारी झालीस म्हण." तिनं मागं बघितलं. फर्गस पाण्याच्या नळाखाली डबे धूत शीळ घालत होता. "मंगळवारी नळीवर चार हिसके आले. चार. मोजलेत मी. ओढायला लागले तर नळी भराभर वर आली. मोकळी. तोंडात धरायचा तुकडा लोंबत, आणि तो नाही."

"मग?"

"मग अकरा मिनिटं. घड्याळ बघत होते, दुसरं काय करणार? किनाऱ्याला कळवायला गेले, तर हा शिडीवरून वर चढून आला. धाप नाही, काही नाही. म्हणतो, चहा आहे का?" नोलीननं सिगारेट मोडून पाण्यात टाकली. "मी दिला चहा. काय करायचं माणसानं? घरी ने त्याला. आणि पुढच्या सोमवारी पाठवू नकोस. तो आला तरी मी घेणार नाही."

गाडीत फर्गसनं शेजारून विचारलं, "काय म्हणत होती म्हातारी?"

"म्हातारी झालेय म्हणत होती," टॅमसिन म्हणाली.

६

शनिवारी सकाळी तिनं त्याच्यासाठी न्हाणीघरातला टब भरला. लख्ख ऊन होतं. शेजारचा माणूस गवत कापत होता आणि त्या यंत्राच्या घरघरीचा तिला आधार वाटला. टबात पाणी जिथं आलं तिथं तिनं भुवयांच्या पेन्सिलनं एक रेघ ओढली.

"आज एवढी सेवा?" फर्गस दारात उभा राहून म्हणाला.

"तीन महिने झाले लग्नाला. सुरुवात करावी म्हटलं."

तो टबात उतरला. पाय, गुडघे, पाठ. डोकं मागं टेकून त्यानं डोळे मिटले. पाणी हललं नाही. लाट नाही, तरंग नाही. पेन्सिलची रेघ जिथं होती तिथंच, पाण्याच्या काठावर, कोरडी. एकोणऐंशी किलोचा माणूस पाण्यात झोपला होता आणि पाण्याला ते ठाऊकच नव्हतं.

"ये ना," तो डोळे न उघडता म्हणाला. "भरपूर जागा आहे."

"आले," टॅमसिन म्हणाली. "टाकी बघून येते."

बाहेरून तिनं दार ओढून घेतलं. जिना उतरताना पायऱ्या मोजल्या, चौदा. तिला काहीतरी मोजत राहणं भाग होतं.

खाली तिनं पिन काढली. पंप थांबला, वर नळानं गुळणी केली, वरचं पाणी उतरायला लागलं आणि टाकीत चढत गेलं. काळ्या रेघेवर एक बोट, दोन बोटं, चार. थांबलं तेव्हा तिनं पट्टी लावली. तेरा सेंटिमीटरला जरा जास्त. गुणाकार करायला कागद लागला नाही. तिनं सोडलेल्या वीतभर जागेत तिचा नवरा जवळजवळ पुरता मावला होता.

तिनं काळी पाटी उचलली आणि उजवा हात आत घातला.

मनगट, कोपर. दगड बाजूला सरले, हलके, पावाच्या तुकड्यांसारखे. तळ पन्नास सेंटिमीटरवर होता. तो तिनंच आखला होता. खांदा भिजला, गाल पाण्याला टेकला, तरी तळ लागला नाही. पाणी खाली खाली ऊन होत गेलं. मग तिच्या तळव्यात बोटं आली. एक, दोन, तीन, आणि चौथं वाकडं.

तिला ओरडायचं होतं, पण ओरडण्याआधी त्या हातानं तिचा अंगठा दाबला.

चार वेळा.

"टॅम?" वरून, फळ्यांतून, फर्गसचा आवाज आला. मजेत होता. "येतेस ना गं?"

तिनं दुसरा हातही घातला, पाय टाकीच्या चौकटीला रोवले आणि ओढलं. एवढं जड तिनं आयुष्यात काही ओढलं नव्हतं. इंचभर आलं. पाणी बोटभर उतरलं. तिनं परत ओढलं. काचेवर पाण्याची ओली कड खाली सरकताना दिसत होती, बारा, दहा, सात, आणि वर न्हाणीघरात प्रथमच पाणी खळबळलं.

"टॅम, काय करतेस?" वरचा आवाज आता हसत नव्हता. "सोड. सोड ते."

तिनं सोडलं नाही. तिच्या मानेवर थेंब पडला, मग दुसरा, मग धार. टब भरून वाहत होता, पाणी फळ्यांच्या फटींतून तिच्या डोक्यावर, पाठीवर गळत होतं. साबणाचं, कोमट. रडू आणि हसू एकदम येत होतं. पाच, तीन, एक. वर कोणीतरी खोकलं. फुप्फुसातलं पाणी बाहेर टाकणाऱ्या माणसाचा तो खरा, घाणेरडा, जिवंत खोकला होता. तिच्या हातातली बोटं निसटली, वितळल्यासारखी, आणि पाणी काळ्या रेघेला येऊन टेकलं.

"पास," ती पुटपुटली.

पाणी थांबलं नाही.

रेघेच्या खाली बोटभर गेलं. दोन बोटं. रिकाम्या हातानं ती नुसती बघत राहिली. चार बोटं. वरून धार अजून गळत होती, आता साबणाचा वास नव्हता तिला, गार होती आणि खारट. दगडांचे तुकडे एकेक करून तळाशी बसले, जड, ठक ठक आवाज करत, दगडासारखे दगड. काळी रेघ तिनं मारली तेव्हा ते आत होते. त्यांनी अडवलेली जागा तिनं कधी मोजली नव्हती. त्यांच्या आत जे होतं तेही रेघेतच धरलं गेलं होतं, आणि आता ते खाली नव्हतं.

गवत कापायचं यंत्र थांबलं. त्या शांततेत वर फर्गस खोकत होता, श्वास घ्यायला धडपडत होता. आणि त्याच्या खोकल्याच्या मधल्या जागेत, त्याच टबात, दुसरं कोणीतरी सावकाश श्वास घेत होतं. घाई नसल्यासारखं.

टॅमसिन जिन्यावरून धावली. चौदा पायऱ्या. दाराखालून पाणी बाहेर आलं होतं आणि त्यात वाळू होती.

आतून टबाच्या भिंतीवर मूठ आपटली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा, हलकी.

चौथ्यांदा आपटायची वाट न बघता तिनं दार ढकललं.